नावाचा हिशेब : खानदेशी साहित्य, पैसा आणि उत्तरदायित्व

१

मराठी समीक्षेने साहित्यातील पैशाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केलेला आहे. पहिले अंग शोषणाचे. सावकार, गहाणखत, जप्ती, दुष्काळ या आशयसूत्रांची नोंद घेऊन समीक्षा ग्रामीण आणि दलित साहित्यातील वर्गवास्तव अधोरेखित करते. दुसरे अंग नीतीचे. लोभ, मोह, अपरिग्रह या कोटींतून संतसाहित्यापासून साने गुरुजींपर्यंतच्या लेखनाचे मूल्यमापन होते. या दोन्ही विवेचनांत पैसा हा आधीच अर्थ ठरून गेलेला पदार्थ असतो. कोणी कोणाकडून काय घेतले, कशासाठी घेतले आणि त्याचा जाब कोणाला द्यावयाचा, हा हिशेबाचा प्रश्न संहितेच्या रचनेत कसा कार्य करतो, याची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द प्रशासनाच्या परिभाषेत रूढ झाला. साहित्यविचारात तो लेखकाच्या ‘सामाजिक बांधिलकी’पुरता उरला.

या उणिवेचा विचार खानदेशाच्या संदर्भात करण्याला सबळ कारण आहे. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या, पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखल्या गेलेल्या या प्रदेशाचे अर्थजीवन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच जागतिक बाजाराशी बांधले गेलेले आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईत कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. याच काळात, १८६३ साली, मुंबई इलाख्यात कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. गाठीत माती, सरकी किंवा हलका कापूस मिसळणे हा गुन्हा ठरला. या कायद्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सरळ होता: गाठीवर जे नाव आहे तेच गाठीच्या आत आहे काय? साहित्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा चिन्ह आणि चिन्हित यांच्या नात्याचाच प्रश्न आहे. बाजारात मात्र त्याचे उत्तर चुकले तर कोणाचे तरी नुकसान होते.

२

या प्रदेशातील सर्वांत महत्त्वाच्या कवयित्रीने हाच प्रश्न आपल्या एका कवितेची रचना म्हणून स्वीकारावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची ‘कशाला काय म्हणूं नही’ ही कविता सर्वपरिचित आहे. तिच्या लोकप्रियतेमुळेच तिच्या तार्किक घडणीकडे दुर्लक्ष झाले आहे. एकेक वस्तू समोर ठेवायची, तिचे विहित कार्य तिच्याकडून होत नसेल तर तिला त्या नावाने संबोधू नये असा निवाडा द्यायचा आणि पुढे जायचे, एवढीच या कवितेची पद्धत आहे. कापसावाचून उललेले बोंड, विहिरीतून रिती वर येणारी मोट, केवळ स्वतःची भरती करणारे पोट, दान देताना आखडणारा हात, उपाशीपोटी निजवणारी रात्र, पोटच्या पोरीला विकणारा बाप, हे सारे एकाच न्यायासनापुढे येतात.

या कवितेचा परामर्श सामान्यतः ‘जीवनविषयक तत्त्वज्ञान’ अशा सैल मथळ्याखाली घेतला जातो. वस्तुतः तिच्यात एक नेमका सिद्धांत आहे. नाव हे वस्तूच्या रूपावरून मिळत नाही, तिच्या देण्यावरून मिळते. बोंड दिसण्याने बोंड नसते. ते कापूस देते म्हणून बोंड असते. अर्थात नाव ही एक उचल आहे. समाज ती आगाऊ देतो आणि वस्तूने ती कार्याने फेडायची असते. फेड झाली नाही तर शिक्षा काय? कविता शाप देत नाही, दंड करीत नाही; ती नाव परत घेते. भाषेतून केलेली ही जप्ती आहे. कवितेत व्यापाराचा उघड उल्लेख एकाच ठिकाणी येतो, तो मुलीला विकणाऱ्या बापाच्या संदर्भात. ज्याला विकण्याचा अधिकारच नाही ते विकले गेले की नात्याचे नाव रद्द होते. बाजाराला कविता नाकारीत नाही, ती त्याची हद्द आखून देते.

येथे एक आक्षेप संभवतो. कवितेत हरिनाम आहे, देवदर्शन आहे, भाव आणि भक्ती आहे; मग तिच्यावर उत्तरदायित्वाची आधुनिक संकल्पना लादणे हा कालविपर्यास नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो भक्तिपरंपरेला हिशेबापासून दूर मानतो आणि तेथेच तो चुकतो. मराठी संतचरित्रे हिशेबाच्या कथांनी भरलेली आहेत. जनार्दनस्वामींच्या दफ्तरात एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागणारा एकनाथ आणि कर्जखतांतील आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवणारा तुकाराम, या दोन आख्यायिका मराठी मनाने शतकानुशतके शेजारी शेजारी जपल्या. पहिलीत हिशेबाची एकाग्रता हीच परमार्थाची तालीम ठरते. दुसरीत धनकोच आपले येणे सोडून देतो आणि हिशेब संपतो. एकीकडे वही जुळवणे, दुसरीकडे वही बुडवणे.

बहिणाबाईंची भूमिका या दोहोंहून भिन्न आहे. त्यांच्याजवळ वही नव्हती आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या, शेती आणि संसार यांचा भार वाहणाऱ्या या स्त्रीने हिशेबाचे साधन म्हणून भाषाच वापरली. वही ज्याच्या हाती तो सावकार, असा ज्या व्यवहाराचा नियम होता त्यात निरक्षर माणसाच्या बाजूने उभी राहणारी नोंद म्हणजे नाव. कागदावरचा आकडा त्याला वाचता येत नसे. मोट रिती आली की भरून आली, हे मात्र त्याला कोणी शिकवावे लागत नसे. लेवागणबोलीतील या कवितेचे सामर्थ्य तिच्या ग्राम्य गोडव्यात शोधणे हा म्हणूनच तिच्यावर अन्याय ठरतो. ते तिच्या साक्षीपुराव्यात आहे.

याच संदर्भात या कवितांच्या संहितेचा इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. तोंडी रचलेल्या या कविता मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी टिपून ठेवल्या. कवयित्रीच्या निधनानंतर सोपानदेवांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखवल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. जे टिपले गेले नाही ते गेले. म्हणजे नावाचा हिशेब मागणारी ही कविता स्वतः दुसऱ्यांच्या नोंदीवर जगली. नोंद करणाऱ्याची जबाबदारी हा तिच्या आशयाचा भाग नसला, तरी तिच्या अस्तित्वाचा भाग आहे.

३

बहिणाबाईंच्या कसोटीला एक मर्यादाही आहे, आणि ती मान्य केल्यावाचून पुढचे विवेचन संभवत नाही. ज्या वस्तूंची त्या झडती घेतात त्या सर्व एकवचनी आहेत. हात एकाचा असतो, पोट एकाचे असते, बापही एकच असतो. कार्य आणि कर्ता यांचे नाते तेथे डोळ्यांना दिसते. विसाव्या शतकात खानदेशाच्या सार्वजनिक जीवनात जी नवी पात्रे आली, म्हणजे सहकारी सोसायटी, जिनिंग-प्रेसिंग, शिक्षणसंस्था, नगरपालिका आणि पतसंस्था, त्यांना असा हात नाही आणि पोटही नाही. त्यांना ठराव असतात, समित्या असतात, सह्या असतात. मोट रिती आली तर ती कोणाची म्हणायची, या प्रश्नाला तेथे उत्तर मिळत नाही. जबाबदारी वाटली जाते, आणि वाटली गेल्यावर ती कोणाच्याच वाट्याला येत नाही.

या नव्या वास्तवासाठी वेगळा साहित्यप्रकार आवश्यक होता आणि तो भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबरीने पुरवला. यावल तालुक्यातील सांगवीच्या या लेखकाची ‘कोसला’ (१९६३) अस्तित्ववादी परात्मतेची कादंबरी म्हणून वाचली गेली. तिच्या पानोपानी असलेल्या पैशाच्या तपशिलांना समीक्षेने वास्तवाभास निर्माण करणारी सामग्री मानले. परंतु पांडुरंग सांगवीकर हा वडिलांच्या पैशांवर पुण्यात शिकणारा सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा आहे, आणि ‘वाया जाणे’ हा त्याच्या जीवनानुभवाचा मूळ धातू जितका तात्त्विक आहे तितकाच जमाखर्चाचाही आहे. वसतिगृहाच्या मेसचा कारभार तो अंगावर घेतो, तो त्याला पेलत नाही आणि तोट्याची झळ अखेर घरच्या पैशाला लागते. हा प्रसंग विनोदी आहे. पण त्यात सार्वजनिक पैशाचे एक लघुरूप पूर्णपणे सामावलेले आहे. खाणारे अनेक, चोरणारे काही, सही एकाची आणि भरणारा चौथाच. भरणारा शेतात आहे. त्याला मेस कधी दिसलेली नाही.

चांगदेव पाटीलच्या चतुष्टयात (‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’) हे लघुरूप संस्थेच्या आकाराला पोचते. एका गावातील महाविद्यालयातून दुसऱ्या गावातील महाविद्यालयात जाणाऱ्या या प्राध्यापकाच्या नजरेतून १९६० नंतरच्या शिक्षणप्रसाराची आतली बाजू उलगडते. संस्थाचालकांचे हितसंबंध, जातींचे गट, नेमणुकांचे राजकारण. शिक्षण हा येथे उद्योग झाला आहे, मात्र त्याला उद्योगाचा ताळेबंदही नाही आणि धर्मादायाची लाजही नाही. नेमाडे यांची पसरट, तपशिलांची रास रचणारी शैली या ठिकाणी केवळ शैली राहत नाही. जबाबदारी ज्या प्रकारे माणसामाणसांत पाझरून नाहीशी होते, ते दाखवण्यासाठी तपशिलांचीच आवश्यकता असते. सारांशाने हा विषय हाती लागत नाही, कारण सारांश ही संस्थाचालकाचीच भाषा आहे.

तथापि या कादंबऱ्यांतील नायकाची प्रतिक्रिया तपासली असता एक गंभीर प्रश्न उभा राहतो. चांगदेव साक्षीदार आहे, पण तो फिर्यादी होत नाही. असह्य झाले की तो बिऱ्हाड हलवतो. त्याचे नैतिक शुचित्व त्याच्या निघून जाण्यावर अवलंबून आहे. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांचे आणि शिपायांचे काय झाले हे कादंबरीच्या कक्षेबाहेर पडते. ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) मधील खंडेराव या प्रश्नाच्या अधिक जवळ येतो, कारण त्याला वारसा टाळता येत नाही. उपशीर्षकातील ‘अडगळ’ हा शब्दच मुळी साठ्याच्या हिशेबातला आहे. जिची किंमत लावता येत नाही आणि जी टाकूनही देता येत नाही, अशी शिल्लक म्हणजे अडगळ. संस्कृतमधील ‘दाय’ या शब्दाचा अर्थ वारसाहक्काचा वाटा असाही होतो आणि देय असलेली गोष्ट असाही होतो. ‘दायाद’ आणि ‘उत्तरदायित्व’ हे शब्द एकाच मुळाचे. खंडेराव पहिल्या अर्थाने दायाद आहे. दुसरा अर्थ मात्र उत्खननाच्या भव्य रूपकात हरवून जातो. हजारो वर्षांच्या थरांपुढे गेल्या तीस वर्षांचा जमाखर्च क्षुल्लक वाटू लागतो.

या ठिकाणी देशीवादाच्या सिद्धांताची झडती घेणे अपरिहार्य आहे. १९८०च्या दशकात नेमाडे यांनी मांडलेल्या या भूमिकेने मराठी साहित्यविचाराला वसाहतवादी न्यूनगंडातून बाहेर काढले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण देशीपणाचा निकष तिने भूमी, भाषा आणि परंपरा यांत शोधला; देवघेवीत शोधला नाही. परिणामी अडत्या, दलाल, हुंडी आणि वायदा या खानदेशी जीवनाच्या तितक्याच जुन्या आणि तितक्याच मुरलेल्या संस्था सिद्धांताच्या बाहेर राहिल्या. ज्या प्रदेशाच्या बोंडाचा भाव लिव्हरपूलला ठरत होता तेथे शुद्ध देशी गाव कल्पिणे कठीण आहे. बहिणाबाईंची कविता देशी आहे ती या बाजाराच्या बाहेर असल्यामुळे नव्हे, तर बाजाराच्या मधोमध उभी राहून आपले माप न सोडल्यामुळे.

४

कादंबरीने टाळलेला उद्योजक दुसऱ्या एका वाङ्मयप्रकारात नायक झाला. समीक्षेने या प्रकाराला अद्याप नाव दिलेले नाही. सोयीसाठी त्याला उद्योगकथा म्हणता येईल. चरित्रे, गौरवग्रंथ, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी यांतून ती घडते. जळगाव जिल्ह्यात तिची दोन प्रमुख रूपे आढळतात. पहिले वाकोदच्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांचे: सरकारी अधिकारपदाची संधी नाकारून घरातील सात हजार रुपयांच्या भांडवलावर १९६३ साली रॉकेलची एजन्सी, पुढे पपेन, पाइप आणि ठिबक सिंचन. दुसरे अमळनेरचे: १९४५ साली तेथे वनस्पती तेलासाठी स्थापन झालेल्या कंपनीचे पुढे ‘विप्रो’त रूपांतर झाले आणि जुने शेअर जपून ठेवणाऱ्या अमळनेरकरांचे नशीब फळफळले.

या कथांची सत्यता हा येथे प्रश्न नाही; त्यांची रचना हा प्रश्न आहे. उद्योगकथेत आरंभीचा आकडा लहान असतो आणि शेवटचा प्रचंड. या दोन आकड्यांमधील स्तंभ, म्हणजे मजुरी, कर्ज, पाणी, सरकारी धोरण आणि अनुदान, कथनात गाळले जातात आणि त्यांच्या जागी जिद्द, सचोटी, दूरदृष्टी ही गुणविशेषणे येतात. महाराष्ट्रात ठिबक सिंचनाला शासनाचे अनुदान १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिळत आले. म्हणजे शेतकऱ्याचे धाडस, उद्योजकाचे कौशल्य आणि करदात्याचा पैसा या तिहींच्या संयोगातून ते यश निर्माण झाले. यात कोणाचेही श्रेय कमी होत नाही. परंतु कथा एकाच्याच नावावर लिहिली जाते तेव्हा उरलेल्या दोघांना हिशेब मागण्याचा अधिकारही कथनाच्या पातळीवर नाहीसा होतो. अमळनेरच्या गोष्टीतही हेच घडते: शेअर ठेवणारा उरतो, घाणीवर राबणारा पुसला जातो. उत्तरदायित्वाचा अभाव हा केवळ नीतीचा दोष नाही. तो कथनशास्त्राचाही प्रश्न आहे.

५

शेवटी एका अशा संहितेचा विचार करावा लागतो जी साहित्याच्या कक्षेत मोडत नाही. जळगाव नगरपालिकेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस गरिबांसाठी हजारो घरांची योजना हाती घेतली. तिला ‘घरकुल’ असे नाव मिळाले. कर्ज घेतले गेले, पैसा दिला गेला आणि घरांचा फार मोठा भाग पुरा झालाच नाही. २००६ साली तत्कालीन महापालिका आयुक्तांनी फिर्याद दाखल केली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री आणि माजी नगरसेवक यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले. निकालाविरुद्ध अपिले झाली. त्यांचा गुणदोष हा न्यायालयाचा विषय आहे, समीक्षेचा नव्हे. समीक्षेचा विषय आहे तो ‘घरकुल’ हा शब्द.

मराठीत ‘घरकुल’ ही केवळ इमारत नाही. लहानपणा, आपुलकी आणि मांडला जाणारा संसार या छटा या शब्दात आहेत, आणि बहिणाबाईंच्या सुगरणीच्या खोप्याने त्या मराठी मनात अधिकच गडद केल्या आहेत. प्रशासनाने या शब्दाची पत वापरली. ‘पत’ या मराठी शब्दात अब्रू आणि उधार घेण्याची पात्रता हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. ज्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी वृद्ध ठेवीदारांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, तेथे या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून तुटले म्हणजे काय होते हे सांगण्यासाठी कोशाची गरज नाही. घराची ऊब देणारा शब्द आगाऊ उचलला गेला आणि त्याची फेड झाली नाही. हे अर्थव्यवहारातले नुकसान आहे तसेच भाषेतलेही आहे. यापुढे हा शब्द उच्चारताना जळगावकराच्या मनात घरट्याआधी खटला येतो.

फौजदारी निकालपत्र हा जबाबदारी निश्चित करणारा वाङ्मयप्रकार आहे. कादंबरीत जी पाझरून गेली होती तिला ते एकेका नावाशी आणि एकेका सहीशी बांधते. त्याची मर्यादाही तेथेच आहे. ते दोषी कोण हे सांगते. घर ज्याला मिळाले नाही तो त्यात फारतर ‘लाभार्थी’ या सामान्यनामाने येतो. बहिणाबाईंची कविता नेमकी या रिकाम्या जागेतून बोलते. तिला दोषीचे नाव ठाऊक नाही. पण ज्या नावाची फेड झाली नाही ते नाव ती चालू देत नाही. कादंबरी जबाबदारी कशी विरते हे दाखवते, निकालपत्र ती कोणावर येते हे ठरवते आणि कविता कोणाचे देणे बाकी आहे याची आठवण ठेवते. या तीन प्रकारांपैकी कोणताही एक पुरेसा नाही.

१९९० साली जळगावात स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. या नामकरणाचा गौरव रास्त आहे. परंतु नाव ही उचल असते असे मानणाऱ्या कवयित्रीचे नाव घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आणि तिच्या कवितेवर प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने, तिचीच कसोटी स्वतःला लावून घेणे क्रमप्राप्त ठरते. समीक्षेपुरते बोलावयाचे तर अंदाजपत्रक, लेखापरीक्षण अहवाल, गौरवग्रंथ आणि निकालपत्र या संहिता कविता-कादंबरीच्या शेजारी ठेवून वाचण्याची शिस्त तिने अंगी बाणवली पाहिजे. हे काम अर्थशास्त्राकडे ढकलण्याने भागणार नाही, कारण आकडा खोटा पडण्यापूर्वी बहुधा शब्द खोटा पडलेला असतो आणि शब्दाची पारख ही समीक्षेने स्वतःहून पत्करलेली जबाबदारी आहे.